गिरणी कुणी झाडायची?

वाचकांचे प्रश्न : संगणकाच्या पोटातलं

मागच्या अंकात एका उत्तराच्या शेपटीला मी लिहून गेले होते, ‘ज्या कंपायलरनं कर्नल बांधला, त्याच कंपायलरनं ड्रायव्हर बांधावा.’ संपादकांनी नेमकं तेच वाक्य चौकटीत टाकलं. तेव्हापासून मेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि चक्क दोन पोस्टकार्डं. एका कार्डावर एवढंच होतं : ‘हा कर्नल कोणत्या पलटणीचा?’ काका, पलटणीचा नाही. मेमरी, डिस्क, वायफाय या सगळ्यांवर हुकूम चालवणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तो कर्नल. आणि माणसानं लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरला कळेल अशा आकड्यांत उतरवून देतो तो कंपायलर. आणि वायफायसारखं एखादं यंत्र चालवायला कर्नलला जोडलेला तुकडा, तो ड्रायव्हर. गंमत अशी की कर्नलसुद्धा कंपायलरच्याच हातून जन्माला येतो. भांडणं लागतात ती तिथूनच.

पाच पत्रं घेतली आहेत. आज्ञा देवनागरीत छापल्यात, टाइप इंग्रजीत करायच्या. हे सांगायची गरज नसावी, पण मागच्या वेळी दोघांनी खरंच देवनागरीत टाइप करून पाहिलं.

प्रश्न : ताई, माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ हे लिनक्स आहे. रूमवर वायफायसाठी यूएसबी डोंगल लावतो. त्याचा ड्रायव्हर गिटहबवरून घेऊन मी हातानं ‘मेक’ केला, म्हणजे सोर्समधून बांधला होता. अपडेट आलं, कर्नल ६.८ झाला आणि वायफाय गेलं. पुन्हा ‘मेक’ केलं तर ‘ट्रिव्हियल ऑटो व्हार इनिट’ असला कुठला तरी ऑप्शन ओळखू येईना म्हणून एरर. एका व्हिडिओत सांगितलं, कर्नल हेडर्सच्या (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) मेकफाइलमधून, म्हणजे बांधणीच्या सूचनांच्या फाइलमधून, तेवढा शब्द काढून टाका. काढला. वायफाय मस्त चालू झालं. पण रूममेट म्हणतो, कामून असलं करतूस, हॅक होशील. खरं आहे का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मूळ उदगीर, सध्या लातूर

उत्तर : रूममेट जरा जास्तच घाबरवतोय, पण बोट बरोबर जागी ठेवलंय त्यानं.

आधी काय झालं ते बघ. टर्मिनलमध्ये ‘कॅट स्लॅश प्रॉक स्लॅश व्हर्जन’ दे. तुझा ६.८ जीसीसी १२ या कंपायलरनं बांधलाय असं त्यात दिसेल. आता ‘जीसीसी डॅश डॅश व्हर्जन’ दे. ११.४ येईल, कारण उबुंटू २२.०४ सोबत मुळात तोच येतो. कर्नल पुढे सरकला, तुझा कंपायलर मागे राहिला. ‘मेक’ चालू होताना पहिल्याच ओळींत एक सूचना येते : कर्नल ज्या कंपायलरनं बांधलाय त्यापेक्षा हा वेगळा आहे. ती तुझ्या डोळ्यांसमोरून नक्की गेली असणार. आपण सगळेच लाल अक्षरं येईपर्यंत वाचत नाही.

आता तू काढलेला शब्द. कर्नलमधलं एखादं फंक्शन चालू होतं तेव्हा त्याला स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या कामचलाऊ कप्प्यात, थोडी जागा मिळते. ती कोरी नसते. आधीच्या फंक्शनचं उरलंसुरलं त्यात पडलेलं असतं, टपरीवरच्या न विसळलेल्या ग्लासासारखं. प्रोग्रामरनं प्रत्येक खाना स्वतः भरला तर काही बिघडत नाही. एखादा भरायचा राहिला आणि ती माहिती तशीच साध्या प्रोग्रामच्या हाती गेली, तर आतला ऐवजही सोबत जातो. त्यात कर्नल मेमरीत नेमका कुठे बसलाय याचे पत्तेही असू शकतात. ते पत्ते हल्लेखोराला मिळू नयेत म्हणून कर्नल दर वेळी मशीन सुरू होताना जागा बदलून बसतो. तुझ्या त्या लांबलचक नावाच्या ऑप्शननं कंपायलर असा प्रत्येक खाना आधी शून्यानं भरून ठेवतो. ही सोय जीसीसीत १२ पासून आली. ११ ला तो शब्दच माहीत नाही, म्हणून तो अडला. अडला हे चांगलं झालं.

तू शब्द काढलास त्यामुळे तुझा अख्खा कर्नल उघडा पडला असं नाही. तो आधीच १२ नं बांधून आलाय, त्याला धक्का लागलेला नाही. उघडा पडलाय फक्त ड्रायव्हर. पण तोही कर्नलच्या आतच, पूर्ण अधिकारानं चालतो, आणि त्यातून हवेतनं येणारे कुणाचेही पॅकेट जातात. शिवाय त्या हेडर्सवर उद्या व्हर्च्युअलबॉक्सचं कर्नलमध्ये बसणारं मॉड्यूल बांधलंस तर तेही तसंच उघडं निघेल, आणि तेव्हा एररही येणार नाही. मला खरी भीती याची वाटते.

करायचं असं. ‘लिनक्स-हेडर्स’चं पॅकेज रीइन्स्टॉल कर, म्हणजे खोडलेलं जागेवर येईल. ‘एपीटी इन्स्टॉल जीसीसी-१२’ कर. ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये ‘मेक क्लीन’, मग ‘मेक सीसी=जीसीसी-१२’. पाच मिनिटांचं काम. पण त्याही आधी ‘एलएसयूएसबी’ देऊन डोंगलमधली चिप बघ. रिअलटेकची ८८२१सीयू किंवा ८८२२बीयू असेल तर कर्नल ६.२ पासून तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. मग गिटहबचा काढून टाक आणि पुन्हा ‘मेक’चं नाव घेऊ नकोस.

आणि एक. तू लिहिलं नाहीस, पण मला वास येतोय : सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही आत न घेणारी सोय, बंद केलंयस ना? ‘प्रॉक, सिस, कर्नल, टेंटेड’ ही फाइल वाच. बहुतेक १२२८८ येईल. त्यातले ४०९६ म्हणजे कर्नलबाहेरचा ड्रायव्हर आहे, ८१९२ म्हणजे त्यावर सही नाही. ‘मॉकयुटिल’नं स्वतःची किल्ली नोंदवून ड्रायव्हरवर सही कर, सिक्युअर बूट चालू कर, मशीन पुन्हा सुरू कर. ४०९६ उरायला हवेत.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही, २०१८ च्या जानेवारीनं शिकवलंय. तेव्हा आमच्या लॅबच्या एका मशीनचा कर्नल मी स्वतः बांधायचे, त्याचा थोडा तोराही होता. ३ जानेवारीला प्रोसेसरमधली स्पेक्टर नावाची खोट जगाला कळली. कर्नलवाल्यांनी त्यावर रेटपोलिन नावाचा उपाय काढला, पण तो अर्धा कर्नलच्या सोर्समध्ये होता आणि अर्धा कंपायलरमध्ये. प्रोग्राममधल्या ज्या उड्यांचा प्रोसेसर अंदाज बांधतो, त्या उड्या कंपायलरनंच वेगळ्या तऱ्हेनं लिहायच्या होत्या. जीसीसीत ती सोय ७.३ मध्ये आली, जानेवारी संपता संपता. मी महिनाअखेर ४.१५ चा ताजा कर्नल उतरवला, लॅबमधल्या जुन्याच जीसीसीनं बांधला आणि घरी जाऊन निवांत झोपले. दुसऱ्या दिवशी सहज ‘व्हल्नरेबिलिटीज’ फोल्डरमधली स्पेक्टर व्ही-टूची फाइल उघडली. उत्तर : ‘व्हल्नरेबल, मिनिमल जेनेरिक एएसएम रेटपोलिन.’ सोर्स नवा, नंबर नवा, ‘यूनेम’ला विचारलं तर छाती फुगवून ४.१५ सांगणार, आणि मागचं दार सताड उघडं. त्या काळापासून कर्नल ड्रायव्हरलाही आत घेताना तपासतो आणि रेटपोलिन नसलेल्या कंपायलरनं बांधलेला असेल तर लॉगमध्ये तक्रार लिहितो. ‘डीमेसेज’मध्ये ती ओळ दिसली तर पुढे सरकू नकोस.

प्रश्न : आदरणीय ताई, मी गणिताचा निवृत्त शिक्षक. नातवाच्या पुस्तकातून थोडं सी शिकलो. माझ्या समजुतीनुसार कंपायलर म्हणजे दुभाषी. त्याने प्रामाणिकपणे भाषांतर करावे, एवढेच त्याचे काम. मग सुरक्षेचा दोष त्याच्याकडे कसा जातो? चूक मूळ मजकुराची असेल, नाहीतर ऐकणाऱ्याची.
— निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, म्हणून आमच्या गिरणीपासून सुरुवात करते.

गंगाखेडला दादांची पिठाची गिरणी होती. भिंतीवर खडूनं लिहिलेलं : ‘प्रत्येक दळणानंतर गिरणी झाडून ठेवली जाते.’ झाडायचं काम गड्याचं. आमच्या गल्लीतल्या एक काकू उपवासाची भगर दळायला आणायच्या आणि सोबत घरचा कुंचा घेऊन यायच्या. भिंतीवरचा नियम वाचूनही त्या आधी स्वतः झाडायच्या, मगच दळण टाकायच्या. वर्षानुवर्षं. पुढे काकूंचे गुडघे गेले, सून येऊ लागली. ती शिकलेली, तिनं भिंतीवरचं वाचलं, म्हणाली, नियम आहे तर मी कशाला झाडू? आणि त्या एकादशीला भगरीच्या पिठात ज्वारी निघाली. काकूंचा उपवास मोडला, गल्लीत बोभाटा झाला. मग उघडकीला आलं की गड्यानं गिरणी कधीच झाडलेली नव्हती. काकूंच्या कुंच्यामुळे ते इतकी वर्षं कुणाला कळलं नव्हतं.

सर, मार्च २००८ मध्ये जीसीसी ४.३ आला तेव्हा अगदी हेच झालं.

इंटेल घराण्याच्या प्रोसेसरमध्ये दिशेचा एक बिट असतो, डायरेक्शन फ्लॅग. तो शून्य असेल तर मेमरीची नक्कल पुढच्या दिशेनं होते, एक असेल तर उलटी, शेवटाकडून सुरुवातीकडे. नियम असा की फंक्शन चालू होताना हा बिट शून्यच असला पाहिजे. हा नियम कंपायलर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातल्या करारातला, म्हणजे भिंतीवरचा. जुना जीसीसी काकूंसारखा. नियम माहीत असूनही नक्कल करण्याआधी तो बिट शून्य करणारी एक सूचना घालायचाच. ४.३ नं ती काढली. नियम आहे, मग वेळ कशाला घालवायचा?

गडी निघाला लिनक्सचा कर्नल. समजा एखादा प्रोग्राम उलटी नक्कल करतोय, बिट एकवर आहे, आणि नेमका तेव्हा सिग्नल आला. कर्नल त्या प्रोग्रामला मधेच थांबवून सिग्नल हाताळणाऱ्या फंक्शनकडे पाठवतो. पाठवताना बिट शून्य करून द्यायचा, ते तो करत नव्हता. कित्येक वर्षं. नव्या कंपायलरनं बांधलेलं फंक्शन बिट शून्य आहे असं धरून मेमरी लिहायला लागलं आणि ती लिहिली गेली भलत्याच दिशेला, दुसऱ्याच कुणाच्या माहितीवर. नको त्या जागी लिहिलं जाणं हे सुरक्षेच्या धंद्यात सगळ्यात वाईट. म्हणून त्याला सुरक्षेतल्या खोटींच्या यादीत सीव्हीई-२००८-१३६७ असा रीतसर नंबर मिळाला. आणि लिनक्सच एकटा नव्हता, बीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या घराण्यातल्या गड्यांनीही झाडलेलं नव्हतं.

चूक कुणाची? नियमानं कर्नलची, आणि त्यांनी ती मुकाट्यानं मान्य करून दुरुस्तही केली. पण दुरुस्त कर्नल नव्या मशीनवर जातो. जगभर जुने कर्नल चालू होते, आणि त्यांवर उद्या नव्या कंपायलरनं बांधलेले प्रोग्राम येऊन पडणार होते. कंपायलर बदलला एका गावात, धोका उगवणार दुसऱ्या गावात. सून बरोबर होती म्हणून एकादशी वाचत नाही. शेवटी जीसीसी ४.३.१ मध्ये एक ऑप्शन ठेवावा लागला, ‘एम-सीएलडी’. ज्यांचा गडी अजून झाडत नाही त्यांच्यासाठी काकूंचा कुंचा परत! माझं मत विचाराल तर असा बदल करताना कंपायलरवाल्यांनी पहिल्या दिवसापासून हा कुंचा दाराशी ठेवायला हवा होता. नियमावर बोट ठेवणं सोपं असतं.

आता तुमच्या ‘प्रामाणिक दुभाष्या’कडे येते. तो शब्दाला शब्द ठेवत नाही, सर. तो हुशार आहे, पाल्हाळ कापतो. बाजेवर बसल्यावर एखाद्यानं विचारलं, ‘इथं बाज आहे का?’ तर तुम्ही हसाल. दुभाषी तो प्रश्नच गाळून टाकेल, कारण माणूस बसलाय म्हणजे बाज असणारच.

२००९ मध्ये लिनक्स २.६.३० च्या ‘टन’ नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये असाच प्रकार होता. एका ओळीत पॉइंटरमधून, म्हणजे मेमरीतला पत्ता धरून, माहिती घेतली आणि पुढच्या ओळींत तपासलं, हा पॉइंटर रिकामा तर नाही ना? प्रोग्रामरची चूक उघड आहे, तपासणी आधी हवी होती. पण सोर्स वाचणाऱ्याला तपासणी दिसत होती, म्हणून मनात भरवसा होता. जीसीसीनं हिशेब केला : पॉइंटर आधीच वापरलाय, म्हणजे तो रिकामा नाहीच, तेव्हा तपासणी फालतू. गाळली. सी भाषेच्या नियमांत त्याला तो अधिकार आहे. साध्या प्रोग्राममध्ये रिकाम्या पॉइंटरला हात लावला की प्रोग्राम मरतो, विषय संपतो. कर्नलमध्ये तसं नाही. मेमरीचा शून्य क्रमांकाचा पत्ता हल्लेखोराला आधीच स्वतःच्या मजकुरानं भरता आला, तर कर्नल निमूटपणे तिथलं वाचतो आणि पाळतो. ब्रॅड स्पेंगलर या सुरक्षा-संशोधकानं जुलै २००९ मध्ये हे करून दाखवलं, साध्या वापरकर्त्याचा रूट, म्हणजे मशीनचा मालक झाला. ड्रायव्हरची ओळ तर हलवलीच, पण कर्नलच्या मेकफाइलमध्ये कंपायलरला कायमची ताकीदही लिहिली गेली : रिकाम्या पॉइंटरच्या तपासण्या गाळायच्या नाहीत. ती ताकीद आजही तिथं आहे.

निव्वळ कंपायलरच चुकला असंही होतं. जुलै २०१४ मध्ये जीसीसी ४.९.० नं कर्नलच्या एका फंक्शनमध्ये स्टॅकवर जागा राखून ठेवायच्या आधीच तिथं माहिती ठेवली. साध्या प्रोग्राममध्ये स्टॅकच्या टोकाखालच्या १२८ बाइट्सना कुणी हात लावणार नाही असं वचन असतं. कर्नलमध्ये ते नसतं, कारण इंटरप्ट (यंत्राच्या एखाद्या भागाची मधेच येणारी हाक) कधीही येतो आणि तीच जागा वापरतो. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्यावर जे बोलले ते या मासिकात छापता येणार नाही. तुम्ही शिक्षक आहात, मी तर मुळीच लिहिणार नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात सेंटओएस ७ या लिनक्सचा सर्व्हर आहे, मुलं प्रॅक्टिकलला दुरून जोडतात. व्हीएस कोड या एडिटरची नवीन आवृत्ती जोडेना, जीलिबसी जुनी आहे म्हणू लागली. एका मुलानं पासवर्ड माहीत होता म्हणून दुसऱ्या मशीनवरची नवीन लिबसी फाइल आणून जुनीच्या जागी ठेवली. आता ‘एलएस’सुद्धा चालेना झालंय, लॉगिन होईना. प्राचार्य माझ्या नावानं शंख करू लालेत.
— प्रयोगशाळा सहायक, नांदेड

उत्तर : त्या मुलाला रागावू नका. मीही एकदा हे केलंय, रात्री साडेअकराला, आणि सकाळी दहाला विद्यापीठाचं प्रॅक्टिकल होतं. ‘एलएस’, ‘सीपी’, लॉगिन, सगळे लिबसीच्या (जीलिबसी तीच, सगळ्या प्रोग्रामांचा सामायिक कोड) जिवावर जगतात. विहिरीत दुसरं पाणी ओतून बघू असं नाही चालत, सगळं गाव तेच पितं.

पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालू करा, सर्व्हरची डिस्क माउंट करा, ‘लिब-६४’मध्ये बघा. ‘लिबसी-२.१७’ नावाची मूळ फाइल बहुतेक जागेवरच असेल, फक्त तिच्याकडे बोट दाखवणारा दुवा बदलला असेल. दुवा पुन्हा तिच्याकडे वळवा. फाइलच गेली असेल तर सेंटओएस ७ च्या आयएसओमधल्या पॅकेजातून काढा. रूटचा पासवर्ड आजच बदला.

पण सर्व्हर जिवंत झाला की काम संपलं असं समजू नका. व्हीएस कोड २०२४ च्या सुरुवातीच्या १.८६ पासून जीलिबसी २.२८ मागतो. तुमच्याकडे २.१७ आहे, कर्नल ३.१०, जीसीसी ४.८. सेंटओएस ७ ची दुरुस्ती ३० जून २०२४ ला थांबली. नवा कर्नल स्वतः बांधावा म्हणाल, तर २०२१ च्या ५.१५ पासून कर्नल बांधायला किमान जीसीसी ५.१ लागतो, २०२५ च्या ६.१६ पासून ८.१. म्हणजे सोबत आलेल्या कंपायलरनं तुमचा सर्व्हर स्वतःचं औषध स्वतः कुटू शकत नाही. कुणी म्हणेल कंटेनर टाका, म्हणजे जुन्या सिस्टिमवर नव्या सिस्टिमची बंद पेटी. टाका, एडिटर चालेलही, पण कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो. खाली तोच ३.१० राहणार, आणि वर वर्षाला दीडशे मुलं आपापला प्रोग्राम चालवणार. दिवाळीच्या सुट्टीत अल्मालिनक्स नाहीतर डेबियन टाका. प्राचार्यांना ३० जून २०२४ ही तारीख कागदावर लिहून द्या, आवक-जावक नंबर घालून. शंख आपोआप थांबतो, अनुभव आहे.

प्रश्न : आमची जिनिंग आहे. काट्याच्या संगणकावर विंडोज ७. काट्याचं सॉफ्टवेअर करून देणाऱ्यानं नवी आवृत्ती दिली, ती ७ वर उघडतच नाही. तो म्हणतो विंडोज बदला. त्याचाच माणूस गुपचूप म्हणाला, नेटवर विंडोज ७ चा कर्नल ‘वाढवणारं’ एक फुकट सॉफ्टवेअर मिळतं, ते टाकलं की नवं सगळं चालतं. सीझन तोंडावर आहे. टाकू का?
— कापूस व्यापारी, सेलू

उत्तर : टाकू नका, भाऊ.

सॉफ्टवेअरवाला तुम्हाला लुटतोय असं धरून चालू नका. प्रोग्राम बांधायची हत्यारंच ७ ला सोडून गेलीत. गो भाषेचा १.२१ (ऑगस्ट २०२३) आणि रस्टचा १.७८ (मे २०२४) यांनी बांधलेले प्रोग्राम विंडोज १० पासून पुढेच चालतात. कंपायलर प्रोग्रामात अशी हाक घालतो जिचं नावच ७ च्या सिस्टिमला ठाऊक नसतं. त्याला ७ साठी जुनं हत्यार वापरता येईल, पण मग त्या हत्याराच्या जुन्या चुकाही तुमच्या पावत्यांत येतील. ते ‘वाढवणारं’ काय करतं? ती न मिळणारी नावं आपल्या पदरची घालतं, सिस्टिमच्या पोटात शिरून. कुणी अनोळखी माणसानं लिहिलेलं, मायक्रोसॉफ्टची सही नसलेलं. त्याच मशीनवर तुमची काट्याची पावती निघते, आणि मला वाटतं बँकेचं पानही तिथंच उघडत असणार.

विंडोज ७ ची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला संपली. १० सुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, तेव्हा ७ वरून १० वर उडी मारून खर्च करू नका, घ्यायचं तर ११. सीझनपुरतं : जुनी आवृत्तीच चालू ठेवा, काट्याच्या संगणकाची इंटरनेटची वायर काढा, काट्यातून येणारी सिरीयल केबल तेवढी राहू द्या. बँक मोबाइलवर नाहीतर दुसऱ्या मशीनवर. दिवसाच्या पावत्या संध्याकाळी छापून घ्या, पेन ड्राइव्हवर नेऊ नका. जिनिंगमधले पेन ड्राइव्ह कुठं कुठं फिरून येतात ते मी पाहिलंय.

प्रश्न : कंपायलरची हुशारीच नको असेल तर? ऑप्टिमायझेशन पूर्ण बंद करून, म्हणजे ‘ओ-झिरो’वर, कर्नल बांधला तर तपासण्या गाळल्या जाणार नाहीत. कुणी असं का करत नाही?
— बी.एस्सी. संगणकशास्त्र, द्वितीय वर्ष, हिंगोली

उत्तर : करून बघ, बांधलाच जाणार नाही. लिनक्सच्या सोर्समध्ये जागोजागी असं गृहीत धरलंय की कंपायलर कधीही न चालणाऱ्या फांद्या छाटून टाकेल आणि छोटी फंक्शनं जागेवरच उलगडेल. काही ठिकाणी तर मुद्दाम सापळा लावलाय : अशक्य गोष्ट असेल तर कंपायलर ती फांदी छाटतो, छाटली गेली नाही तर बांधणीच थांबते. ‘ओ-झिरो’वर काहीच छाटलं जात नाही, म्हणून सगळे सापळे एकदम वाजतात. साधारणपणे ‘ओ-टू’वर बांधतात आणि ज्या हुशारीचा त्रास होतो ती एकेक नाव घेऊन बंद करतात. मेकफाइल उघड आणि ‘एफ-नो’नं सुरू होणारे शब्द शोध. अंबाजोगाईच्या सरांना सांगितलेला तुला तिथं सापडेल. प्रत्येक शब्द ‘गिट ब्लेम’ला विचार, तो कधी आणि कुणामुळे आला ते. दोन संध्याकाळी जातील.